गंजलं तोवर देव

किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही हो. फणसाच्या आठळ्या कशा, मातीत पुरून ठेवतो आणि विसरून जातो. मग एक काढायला हात घालावा तर ओंजळभर वर येतात, आणि त्यातल्या दोन-चारांना मोडही आलेले असतात! माझ्या किश्श्यांचं तसंच. परवा नातसुनेनं तांब्या घासता घासता विचारलं, "आजी, तुमच्याकडे म्हणे पिस्तुल होतं?" एवढंच विचारलं बिचारीनं. तांब्या राहिला बाजूला, पोरगी दुपारपर्यंत माझ्यासमोर बसून राहिली, आणि भात करपला तो करपलाच.

आधी माणसं सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा. रत्नागिरीपासून कोसभरावर, खाडीकाठी आमची वाडी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गलबतावरचे तांडेल, खलाशांचे म्होरके. गलबतं कमी झाली, आगबोटी आल्या, तसे ते ओटीवर येऊन बसले. पण बोलणं मात्र भर समुद्रात असल्यासारखं! "पाणी आण" म्हणाले तरी खाडीपलीकडची बाई तांब्या उचलायची. सासूबाई त्यांच्या अगदी उलट. दिवसाकाठी चार वाक्यं बोलायच्या, पण ती चार मामंजींना पुरून उरायची. आमचे हे बंदरावर बोटीच्या गोदामात कामाला. आणि चौथी मी. मराठी चौथीत नापास झाले आणि लगेच लग्न झालं, त्यामुळे पाचवीत काय शिकवतात ते मला अजून ठाऊक नाही. अडलंही नाही कुठे. एक नणंद होती, पण ती लवकरच लग्न होऊन गेली, म्हणून तिला मोजत नाही.

आणि घरातलं पाचवं माणूस म्हणजे ते पिस्तुल. माणूसच म्हणायचं त्याला. त्याच्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी आम्हा चौघांवरून मिळून झाली नाहीत!

* * *

लग्न होऊन आले, त्या दिवशी सासूबाई मला देवघरात घेऊन गेल्या. "पाया पड," एवढंच म्हणाल्या.

पडले. देवीचा टाक होता, बाळकृष्ण होता, शंख होता. शेवटी एका तांब्याच्या ताटलीत काहीतरी काळं-तांबडं, पापुद्रे सुटलेलं, एका टोकाला वाकलेलं. वर हळदकुंकवाचा हा एवढा थर. मी जन्मले समुद्राकाठी, मला वाटलं, सुकवलेला मोरी मासा!

मी हळूच विचारलं, "आत्याबाई, देवांना सुकी मासळी चालते?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे हातच जोडले गेले. म्हणाल्या, "पिस्तुल हाय ते. पाया पड."

दर दसऱ्याला त्या पिस्तुलाला आंघोळ असायची. दूध, दही, तूप, मध, साखर, आणि वरून शहाळ्याचं पाणी. मग हळद, मग कुंकू, मग फूल. आणि पुसायचं नाही! मी एकदा फडकं पुढे केलं, तर म्हणाल्या, "देवाला भांड्यासारखं पुसतात काय गो?" तीन पिढ्या अशी आंघोळ, आणि त्यात आमचं खाडीचं खारं वारं. लोखंड बिचारं करणार काय! दुसऱ्यांच्या घरची शस्त्रं दुर्लक्ष करून गंजली. आमचं भक्तीनं गंजलं.

दसऱ्यानंतर दोन दिवस मधा-दह्याच्या वासानं मांजर येऊन त्याला चाटून जायचं. खरं सांगू? त्या पिस्तुलाची साफसफाई अशी काय ती त्या मांजरानंच केली!

* * *

आता ते पिस्तुल आलं कुठून, तर मामंजींच्या आजोबांचं.

आजोबा मलबाराहून भात भरून गलबत घेऊन येत होते. वाटेत चाच्यांची होडी आडवी आली. आजोबांनी कमरेचं पिस्तुल काढलं, एकच बार उडवला, आणि चाच्यांच्या म्होरक्याचं पागोटं समुद्रात! होडी पळाली. भात गावाला पोचला, त्या साली गाव उपाशी राहायचा वाचला. म्हणून गावानं आमच्या घराला मान दिला. दसऱ्याला देवीची पालखी सोनं लुटायला निघते, तिच्यापुढे पिस्तुलाचं ताट घेऊन आमच्या घरचा माणूस चालणार. पालखीपुढे तांडेल, तांडेलामागे देवी, देवीमागे सगळा गाव.

ही झाली गोष्ट. पण मामंजी सांगायचे तेव्हा ती पाहुण्याप्रमाणे वाढायची. जवळचा पाहुणा असला तर चाच्यांची एक होडी. राजापूरचा असला तर दोन. देवरूखहून आमच्या नणंदेला मागणी घालायला मंडळी आली, तेव्हा तर चाच्यांचं सबंध आरमारच आलं! आजोबा बिचारे एकटे, आणि समोर समुद्र दिसेना एवढे चाचे.

मी माजघरात तांदूळ धूत होते. दाराआडून ह्यांना विचारल्यासारखं केलं, पण आवाज काढला मामंजींचा: "अहो, विचारा ना, जेवायला चाचे किती धरू? भात टाकायचाय!"

ह्यांनी तर सुपारी तशीच गिळली.

मग मामंजींचा आवाज आला, "एकपण धरू नको! सगळे बुडाले!"

देवरूखचा व्याही चिवट निघाला. म्हणाला, "पण तांडेल, बार तर एकच उडवला ना? मग सगळे कसे बुडाले?"

"बार एकाला लागला," मामंजी म्हणाले. "बाकीचे बघून बुडाले!"

लग्न जमलं हो त्या नणंदेचं.

* * *

आणि मग आला बाबूराव.

बाबूराव वरच्या वाडीचा. भातात डुकरं शिरतात म्हणून त्यानं सरकारातून लायसन काढून ठासणीची बंदूक घेतली. त्या बंदुकीचे लाड काय सांगू! त्याच्या बायकोच्या केसांना नव्हतं एवढं तेल बंदुकीला. बंदूक घेऊन बाजारात जायचा, बंदूक घेऊन बारशाला जायचा. डुकरं मात्र होती तिथेच होती.

एके दिवशी देवळात गावकऱ्यांची बैठक बसली होती. तिथे हा उभा राहिला. म्हणाला, "मान शस्त्राचा हाय. तांडेलांच्या ताटात शस्त्र कुठे हाय? भंगार हाय भंगार! त्याला बघून माकड तरी पळंल काय?"

लोक हसले. आता गावात एकमेकांना हसतातच, पण देवळात, सगळ्यांसमोर मामंजींना कोणी हसलं नव्हतं. गावकऱ्यांनी ठरवलं, येत्या दसऱ्याला काय तो निकाल. ते शस्त्र आहे असं तांडेलांनी दाखवावं, नाहीतर मान वरच्या वाडीला.

मामंजी घरी आले. ओटीवर बसले. आणि हळूच म्हणाले, "पाणी दे गो."

हळूच! माझ्या हातातला तांब्या पडला. सासूबाई चुलीपुढून उठून आल्या. मामंजी हळू बोलले म्हणजे कोणीतरी गेलं, असंच आम्हाला वाटलं. त्या दिवशी सुरमईचं कालवण होतं, आणि मामंजींनी तुकडा तसाच ठेवला. मग मात्र मला हसू येईना.

आमचे हे म्हणाले, "बाबा, दुरुस्त करून घेऊ या. साफ करू, घोडा चालता करू, म्हणजे बाबूचं तोंड बंद."

सासूबाई म्हणाल्या, "देव दुरुस्त करतात काय रे?"

मामंजी म्हणाले, "बघू."

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे घासा, एक म्हणे हात लावू नका. मामंजी सकाळी एका पक्षात, संध्याकाळी दुसऱ्यात. मला कोणी विचारलंच नाही, म्हणून मी रोज जो हरत असेल त्याच्या बाजूनं बोलत होते!

* * *

आमचे हे जात्याच घायकुते. कोणाला न विचारता त्यांनी एका दुपारी चिंच आणि रांगोळी घेतली, आणि पिस्तुलाच्या नळीवर घासायला बसले. जशी मी तांब्याची कळशी घासते तसे! तासभर घासलं तेव्हा रुपयाएवढी जागा उजळली. तेवढ्यात मामंजींची वहाण वाजली, आणि ह्यांनी ताटली होती तशी देवघरात सरकवली.

संध्याकाळी मामंजी दिवा लावायला गेले. आणि तिथूनच ओरडले, "अरे, ह्याला टक्कल कसं पडलं?"

मामंजींच्या स्वतःच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. हे चुळबुळ करायला लागले, तसं मीच म्हटलं, "घराण्यातच आहे ना ते, मामंजी!"

सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. मग त्यांनी त्या टकलावर कुंकवाचा टिळा लावला आणि विषय मिटवला.

* * *

मिठाच्या सत्याग्रहाची गडबड होऊन गेली होती ते दिवस. पिस्तुल हा शब्द नुसता काढला तरी पोलिसांच्या पोटात कळ यायची. म्हणून मामंजी म्हणाले, "दुरुस्तीआधी जमादाराला विचारू. उगाच भानगड नको."

जमादार आमच्या ओटीवरचा नेहमीचा. गस्तीला निघाला की आमच्याकडे पेज प्यायचा, आणि पेज पिऊन झाली की गस्त संपायची. त्याला पिस्तुलाचं सांगितलं, तसा पेजेचा वाडगा खाली ठेवून ओटीच्या पार कडेला सरकला. म्हणाला, "आणा. बघू. पण तोंड माझ्याकडे करून आणू नका!"

ही संधी मी सोडते होय? चुलीच्या वर खारवलेला बांगडा टांगलेला होता. तो ताटात ठेवला, वर लाल फडकं घातलं, दोन फुलं ठेवली, आणि डोक्यावर पदर घेऊन ताट जमादारापुढे ठेवलं.

जमादारानं काठी लांबवली. काठीच्या टोकानं फडकं उचललं. बघतच राहिला. मी खाली मान घालून म्हटलं, "गंजून गंजून असं झालंय हो."

जमादार वाकला. वास घेतला. मग मामंजींना म्हणाला, "तांडेल, ह्याला लायसन नको. तिरफळं घालून कालवण हवं!"

मामंजींनी मला काय काय म्हटलं ते सांगत नाही. मग खरं पिस्तुल आलं. जमादारानं ते सगळ्या बाजूंनी पाहिलं, घोडा दाबून पाहिला. जागचा हलेना. तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "हे बघा तांडेल, गंजलंय तोवर हा देव आहे. देवाला लायसन लागत नाही. पण ज्या दिवशी हा घोडा हलला, त्या दिवशी हे हत्यार. मग मला न्यावंच लागणार, आणि तुम्हालापण बरोबर यावं लागणार."

"म्हणजे दुरुस्त केलं तर तू नेणार, आणि नाय केलं तर बाबूराव मान नेणार?" मामंजी म्हणाले.

"ते तुमचं तुम्ही बघा," जमादार म्हणाला. उठला, पागोटं चढवलं, आणि ताटातला बांगडा उचलून म्हणाला, "आज मात्र हा जप्त!"

* * *

तरी ह्यांचा धीर सुटेना. म्हणाले, नुसतं विचारायला काय जातं? आणि बाजारपेठेतून दाऊद मिस्त्रीला घेऊन आले.

दाऊद मिस्त्रीची उमर आगबोटीच्या इंजिनात गेली. आता स्टो, कुलपं, शिवणाची मशिनं, बाजाची पेटी, समोर येईल ते उघडायचा. उघडायचा मात्र हां! बंद करायचं त्याच्या मनावर. आमच्या शेजारणीचा स्टो गणपतीत नेला तो शिमग्यात आला. आणि प्रत्येक गोष्टीत आपली आगबोट मध्ये आणायचा. "आमच्या बोटीवर ह्याच्यापेक्षा मोठी नळी होती," असं तो माझ्या फुंकणीलापण म्हणाला होता.

त्यानं पिस्तुल मांडीवर घेतलं. घोड्याच्या सांध्यात घासलेट सोडलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "माझ्या देवाला घासलेट?"

"चाची, तुमच्या देवाला संधिवात झालाय," मिस्त्री म्हणाला. "तेल तर लावायलाच पायजे!"

दोन बाटल्या घासलेट गेलं. घोडा जागचा हलला नाही. ठोकून झालं, तापवून झालं, कलमा पढून झाला. शेवटी मिस्त्रीनं एक बारीक सळई घेतली आणि नळीत घातली. ती अर्ध्यात अडली. त्यानं सळई बाहेर काढली, वास घेतला, आणि पिस्तुल लहान पोराला निजवतात तसं खाली ठेवलं.

"तांडेल," तो म्हणाला, "आत बार भरलेला हाय."

शेजारपाजारची धरून ओटीवर आम्ही सहा-सात जणं होतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तो ओटीवर फक्त पिस्तुल होतं! हे विहिरीपलीकडे, मिस्त्री माडाच्या मागे, आणि मी कुठे होते ते मला अजून आठवत नाही. सासूबाई तेवढ्या दारात उभ्या. म्हणाल्या, "ह्याच्यापुढे मी पोरं निजवली सगळी." आणि कपाळाला हात लावला.

मग मिस्त्री माडाआडून म्हणाला, आणि वाईट मनानं नाही हो, सहज म्हणाला, "पण बार आत हाय, म्हणजे... तुमच्या आजोबांनी उडवलाच नाय काय?"

बाबूरावानं मान मागितला होता, ह्यानं तर आजोबाच मागितले! मामंजी अंगणात उभे होते, त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल असे ओरडले, "एक उडवला आणि परत भरला! माझा आजा काय तुझ्यासारखा होता काय रे, काम अर्धं टाकून बिडी ओढायला बसणारा?"

मिस्त्रीला ते पटलं. लगेच पटलं. "बरोबर हाय," म्हणाला, आणि बिडी विझवली.

जाताना ह्यांनी त्याला गाठलं. "पण दुरुस्त होईल की नाही?"

"होईल की! बार निघायचा नाय, तेव्हा नळी नवीन घालू. घोडा नवीन करू. मूठ कुजलीय, ती फणसाची बसवू. बाकी सगळं तुमच्या पणजोबांचं!"

"बाकी काय राहिलं?"

मिस्त्रीनं विचार केला. "गंज," म्हणाला.

* * *

आता माणसांकडून ठरेना, तेव्हा देवीला विचारायचं ठरलं. आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर डावीकडे आणि उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नको.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं: "बाय माझे, तांडेलाच्या घरचं पिस्तुल दुरुस्त करायचं असलं तर उजवा दे, नसलं तर डावा दे!"

बसलो. पाकळी हलेना. सकाळ गेली. गुरवानं परत गाऱ्हाणं घातलं. पाकळी हलेना. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं. मामंजींचे हात जोडून जोडून भरून आले. आमच्या ह्यांना गोदामात जायचं होतं. गुरवाच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि त्याला पाकळ्यांपेक्षा घरच्या आमटीचा वास जास्त येत होता.

"बाय माझे," गुरव शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "कायतरी दे!"

आणि धूप नाकात जाऊन मला शिंक आली. अशी शिंक आली की दोन्ही पाकळ्या एकदम खाली!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी देवीकडे बघायला लागले.

मामंजींनी विचारलं, "गुरवानू, ह्याचा अर्थ काय?"

गुरवानं ताट उचललं, पंचा झटकला. "देवी म्हणते, तुमच्या घरातलं तुमच्या घरात मिटवा. आमच्या जेवणाची वेळ झाली!"

* * *

दसऱ्याच्या आधी दोन दिवस मामंजींनी निकाल दिला. ओटीवर आम्हा सगळ्यांना बोलावलं. ते परत हळू बोलत होते.

"दुरुस्त नाय करायचं," ते म्हणाले. "केलं तर जमादार नेणार, आणि मिस्त्रीनं करून दिलं तरी ते आजोबांचं राहणार नाय. नाय केलं तर मान जाणार. जाऊ दे. मान गेला तरी पिस्तुल घरात राहील. देवळात जाईन, ताट देवीपुढे ठेवीन, आणि बाबूला वाट देईन."

मलासुद्धा काही चावट सुचेना, म्हणजे बघा! त्या वर्षी दसऱ्याच्या पहाटे पिस्तुलाच्या आंघोळीला सासूबाईंनी मला मदतीला घेतलं नाही. देवघराचं दार आतून लावून घेतलं. मी दाराशी दुधाची वाटी घेऊन गेले, तर म्हणाल्या, "ठेव तिथे." बराच वेळ लावला त्यांनी. आतून खोबरेलाचा वास येत होता, पण मला वाटलं, रडत असतील.

दसरा उजाडला. मानाचा वाद असला की आमच्या गावात रीत अशी, की दोघांनी पालखीच्या वाटेत उभं राहायचं. जो आधी वाटेतून पाय काढील, त्यानं मान सोडला. मग पुढे भांडण नाही, कोर्ट नाही.

बाबूराव वाटेत मधोमध उभा होता. नवा फेटा, खांद्यावर बंदूक, मागे वरच्या वाडीची सगळी माणसं. बंदुकीला एवढं तेल होतं की माशा बसून घसरत होत्या. सासूबाईंनी आणि मी पिस्तुलाचं ताट आणलं. वर हिरवा खण झाकलेला. मामंजींनी ताट घेतलं नाही, मला धरायला सांगितलं, आणि आम्ही देवीकडे निघालो.

बाबूरावानं गप्प राहायचं की नाही? जिंकलाच होता तो! पण म्हणाला, "तांडेल, ते भंगार आता चुलीत घाला, नायतर पोरांना खेळायला द्या!"

मामंजी थांबले. वळले. ताटावरचा खण बाजूला केला. पिस्तुल उचललं. आणि त्या त्यांच्या समुद्रातल्या आवाजात म्हणाले, "भंगार हाय ना रे बाबू? मग उभा रहा!"

आणि धरलं ना त्याच्या छातीवर!

ढोल थांबले. ताशे थांबले. बाबूरावानं छाती पुढे काढली. "उभाच हाय! चालवा!" म्हणाला. पण मिस्त्रीनं आत बार भरलाय म्हणून सांगितलेलं, ते गावभर झालं होतं. बाबूरावाच्या मागची माणसं एकेक करून सरकायला लागली.

"कुठे चाललात रे?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"तू रहा उभा," मागून आवाज आला. "आम्ही वायच सावलीत जातोय."

एवढ्यात बाबूरावाची आई, ऐंशीची म्हातारी, काठी टेकत पुढे आली. "बाबू, मेल्या, हो बाजूला! ह्या तांडेलाचा नेम मला ठाऊक हाय. लहानपणी कैरीला धोंडा मारायचा, तो माझ्या कपाळात बसलाय. ही बघ खूण!"

हे ऐकलं मात्र, आणि डावी-उजवीकडची जेवढी माणसं होती ती सगळी पांगली! गुरव पालखीच्या खाली. जमादार दीपमाळेच्या मागे, पागोटं हातात. आणि आमचे हे, मामंजींचे सख्खे चिरंजीव, माझ्या पाठीमागे!

वाटेत उरले दोघंच. मामंजी एक पाऊल पुढे आले. बाबूरावानं पिस्तुलाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. परत पिस्तुलाकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर बंदूक आहे, हे त्याला तेव्हा आठवलंच नाही.

"आईच्या शब्दाबाहेर नाय मी," तो म्हणाला, आणि वाटेतून बाजूला झाला.

"पाय काढला!" तुळशीवृंदावनामागून गावप्रमुख ओरडले. "मान तांडेलांचा!"

ढोल सुरू झाले, पालखी उठली. मामंजी पिस्तुल परत ठेवायला माझ्याकडे आले. त्यांनी ते ताटात ठेवलं, आणि मी पाहिलं. दोन बाटल्या घासलेट पिऊन जो जागचा हलला नव्हता, तो घोडा मागे ओढलेला होता. ताठ.

मामंजींनीही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

सासूबाईंनी मध्ये आपला तेलकट हात घालून त्यावर खण ओढला, खणावर झेंडूची फुलं ठेवली, आणि म्हणाल्या, "बघत काय राहिलात दोघं? व्हा पुढे. पालखी खोळंबलीय."